यादीतलं तिसरं घर

"चित्र अडकलं तरी आवाज जातो. बोलून घ्यायचं," असं मी काउंटरपलीकडच्या बाईंना दुसऱ्यांदा सांगितलं, तेव्हा त्यांनी पिशवीतून एक वही काढली, उभ्या उभ्या पेन्सिलीनं तिच्यावर काहीतरी लिहिलं आणि वही माझ्यापुढं सरकवली.

'मी ऐकत नाही. मुलगी ऐकत नाही. हात बोलतो. चित्र पाहिजे.'

अक्षर पहिलीतल्या पोराचं असावं तसं मोठं आणि गोल होतं. मी ते दोनदा वाचलं. माझं ते आवाजाचं उत्तर मी दिवसातून वीसदा द्यायचो, महिन्याची वीस तारीख उलटली की पन्नासदा. उचलली जीभ की लावली टाळ्याला. पण या उत्तराला पेन्सिलीनं उत्तर देणारं गिऱ्हाईक मला पहिल्यांदाच भेटत होतं.

ही दहा वर्षांपूर्वीची गोष्ट. मोबाइलवरचं नेट तेव्हा महाग आणि मरतुकडं होतं. विट्यात ज्याला खरं नेट हवं असायचं तो आमच्या पोपटशेठची वायर घरात घ्यायचा. शेठ सांगलीहून मोठी लाइन आणायचे आणि गावातल्या सहाशे घरांत ती वाटायचे. वाटणी म्हणजे काय, तर दर घराला महिन्याला चाळीस जीबी. सर्व्हर रात्रंदिवस मोजत असतो. तुम्ही उतरवून घेता ते मोजतो आणि तुमच्याकडून वर जातं तेही मोजतो, हे निम्म्या लोकांना माहीत नसतं. चाळीस भरले की तो कुणाला न विचारता तुमचा वेग खाली आणतो. वायर चालू, दिवे लागलेले, बिल भरलेलं आणि तरी काही हलत नाही. पहिल्या तारखेला सगळं पुन्हा सुरळीत. आमच्या भागात कालव्याचं पाणी पाळीनं मिळतं. एकानंच सगळं पाणी घेतलं तर खालच्याचं रान वाळतं, असं शेठ प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचे आणि ते मला पटायचं.

या आपोआपच्या कात्रीखेरीज आमच्याकडं आणखी एक कात्री होती आणि ती माझ्या हातात होती. ओळीनं तीन महिने ज्यांचे चाळीस जीबी दहा तारखेच्या आत उडतात, त्यांची मी यादी करायचो. अशी माणसं भिंतीवरून वायर टाकून शेजारच्या चार घरांना नेट विकतात, असा शेठचा अनुभव. यादीतल्या घराला मग पुढचे तीन महिने तळाचा वेग, एकशे अठ्ठावीस केबीपीएस. वर जादा डेटा घ्यायची सोय बंद. ऑगस्टची यादी मी दोनच आठवड्यांपूर्वी केली होती, अकरा घरांची, आणि शेठनी माझ्या पाठीवर थाप मारली होती.

बाईंचं नाव विचारायची गरज नव्हती. त्यांनी वहीच्या पुठ्ठ्यावर लिहिलेला ग्राहक क्रमांक मी कम्प्युटरवर टाकला. शालन मुळीक, नेवरी नाक्याजवळ. यादीतलं तिसरं घर.

ते मला लख्ख आठवत होतं. घरात एकटी बाई, आणि वापर सकाळी नऊपासून संध्याकाळी सहापर्यंत सलग, मध्ये खंड नाही. भिंतीला भिंत लावून कम्प्युटरचा क्लास. त्या क्लासचं आमच्याकडंच कनेक्शन होतं आणि त्याचा वापर मात्र नावाला. दोन आणि दोन चार करायला मला पाच मिनिटंही लागली नव्हती. बाई क्लासला लाइन देते, असं मी त्या नावापुढं लिहिलं होतं.

मी स्क्रीन माझ्याकडं वळवून घेतली. बाई बघत होत्या. मग मी त्यांच्या वहीत लिहिलं, 'मावशी, काय झालंय?'

पुढचा अर्धा तास आम्ही ती वही इकडून तिकडे सरकवत राहिलो. शालनमावशींचे मालक सेलमला गलाईच्या दुकानात कामाला होते, सोनं गाळायच्या. आमच्या खानापूर-आटपाडीकडची निम्मी माणसं त्याच धंद्यात देशभर पांगलेली आहेत. मालक तिथंच वारले. त्यांच्याच ओळखीतून लेकीचं, वैजयंताचं, सेलममधल्या एका दुकानदाराशी लग्न झालं होतं. तो बिजवर, ऐकू येणारा, हिकडचाच. वैजू आईसारखीच जन्माची बहिरी. त्या दोघी ज्या खुणांनी बोलायच्या त्या शाळेतल्या नव्हत्या. आईनं लेक पाळण्यात असताना घरातल्या घरात केलेली ती भाषा होती आणि जगात ती दोनच माणसांना येत होती.

वैजूला चौथा महिना होता. काल चार वाजता सासू देवळात गेल्यावर ती व्हिडिओ कॉलवर टॅबसमोर येऊन रडत काहीतरी सांगत होती. चित्र एकदा हलायचं आणि मग बराच वेळ थिजायचं. मावशींनी लिहिलं, 'तीन हात कळले. डॉक्टर. मूल. उद्या.'

उद्या म्हणजे आज.

मी लिहिलं, तिला लिहून पाठवायला सांगा, अक्षरं या वेगातही जातात. मावशींनी मान हलवली. 'लिहिते ते नणंद वाचते. हात वाचत नाही.' मग थोडं थांबून त्यांनी खाली आणखी एक ओळ लिहिली आणि पेन्सिल एवढी दाबली की टोक मोडलं. 'आज चार वाजता मला चित्र पाहिजे.'

त्यांच्याकडं जावयाचा नंबर होता. मी तिथंच उभा राहून फोन लावला. जावई अगदी सभ्य बोलला.

"मामींना सांगा, काळजीचं काय न्हाय. पोटात दुखतंय म्हणून दाखवायला न्यायचंय. आता ती बोलत न्हाय म्हटल्यावर आम्हाला तरी तिचं काय कळतंय?"

मी हे वहीत उतरवलं. मावशींनी वाचलं आणि नकारार्थी मान हलवली. वर्षभर एका घरात राहून ज्यांनी तिची एक खूण शिकून घेतली नाही, त्यांच्या शब्दावर ही बाई काय म्हणून विश्वास ठेवेल, हे मलाही कळत होतं.

मी त्यांना लिहून दिलं, 'घरी जा. चारला चित्र येईल.' त्यांनी दोन्ही हात जोडले. मी तिकडं बघायचं टाळलं.

खरं सांगायचं तर मला तेव्हाच, त्या मिनिटाला, यादीतलं तिसरं नाव काढता आलं असतं. दोन कळा दाबायच्या होत्या. पण यादीला शेठला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, असा नियम होता आणि तो मीच मोठ्या तोऱ्यात बाकीच्यांना ऐकवायचो. माझी नोकरी जेमतेम दोन वर्षांची. घरी धाकट्या बहिणीचं लग्न ठरत आलं होतं. शेठ आटपाडीला एका साखरपुड्यात होते. तिथं वाजंत्री वाजत होती आणि मी फोनवर त्यांना हे सगळं समजावत होतो.

"निवास, तू कम्प्युटरचा माणूस. तू असा हळवा झाल्यावर कसं व्हायचं?" शेठ म्हणाले. "आज एकाला सोडलंस तर उद्या निम्मं गाव दारात येऊन बसंल."

मी म्हटलं, बाई खरंच अडचणीत आहे.

"आसंल बाबा. सुक्याबरोबर ओलंबी जळतं. मी साडेतीनला येतो, मग बघू."

शेठ माणूस वाईट नव्हता. साडेतीनला आला असता तर त्यानं हो म्हटलं असतं, असं मला अजून वाटतं. पण साडेतीनला तो आला नाही आणि पावणेचारला त्याचा फोन लागला नाही. मी खुर्चीत बसलो, उठलो, रस्त्यावर जाऊन आलो. चार वाजले. कम्प्युटरवर मला त्या घराचा वापर दिसत होता. लाइनीवर हालचाल सुरू झाली होती. थेंब थेंब का होईना, काहीतरी जात होतं, येत होतं. वैजू समोर आली होती आणि अडखळत, थिजत, तिचे हात आईपर्यंत पोचत होते.

मी आणखी दहा मिनिटं शेठची वाट पाहिली. भ्याडपणाला मी तेव्हा शिस्त म्हणत होतो.

चार वाजून अकरा मिनिटांनी माझ्यानं राहवलं नाही. जे होईल ते होवो म्हणून मी यादी उघडली, तिसरं नाव काढलं, वेग पूर्ण केला आणि कळ दाबली.

आमच्या कामातली एक गोष्ट इथं सांगायला हवी. सर्व्हरवर वेग बदलला म्हणून चालू लाइनीचा वेग बदलत नाही. आधी सर्व्हर त्या घराला बाहेर ढकलतो. मग घरातला डबा, म्हणजे राउटर, बंद करून पुन्हा चालू केला की ते घर नव्या वेगानं आत येतं. मावशींच्या घरातला डबा आमच्याकडचा सगळ्यात जुना, तो आपल्या आपण कधीच उठायचा नाही. म्हणून कळ दाबली की लगेच गिऱ्हाइकाला फोन करायचा आणि सांगायचं, डबा बंद करून चालू करा. दोन वर्षांत हे मी हजारदा केलं होतं. हाताला सवय होती.

मी सवयीनं कळ दाबली आणि सवयीनं मावशींच्या नंबरला फोन लावला. रिंग पूर्ण वाजली. कुणी उचलला नाही. मी दुसऱ्यांदा लावला. दुसरी रिंग अर्धी झाली आणि मग मला कळलं मी काय करतोय ते.

स्क्रीनवर त्या घरापुढचा हिरवा ठिपका गेला होता.

ऑफिसला कुलूप घालायचंही भान राहिलं नाही. गाडी काढली आणि नेवरी नाक्यापर्यंत कशी नेली ते आठवत नाही. मावशींच्या घराचं दार उघडंच होतं. आत स्वयंपाकघरात पिठाच्या डब्याला टेकवून टॅब उभा केलेला होता, काळा. मावशी त्याच्यासमोर पाटावर बसून हात हलवत होत्या. तीच खूण पुन्हा पुन्हा करत होत्या. डाव्या तळव्यावर उजव्या हाताचं बोट फिरवायचं आणि मग तळहात उलटा करून जोरात बाजूला झटकायचा. समोर कुणी नव्हतं आणि त्या थांबत नव्हत्या.

मी नेटचा डबा बंद केला, चालू केला. दोन मिनिटांत लाइन आली, पूर्ण वेगात. टॅबवर सगळं कसं झरझर उघडलं. वैजूला कॉल लावला. पलीकडून कुणी घेईना. पुन्हा लावला. पाच मिनिटांनी पुन्हा. मावशींनी वही ओढली आणि मोडक्या टोकाच्या पेन्सिलीनं लिहिलं. 'मूल बहिरं होईल म्हणतात. काढायचं. सही मागतात. वैजू विचारते, करू का.' आणि खाली, 'मी सांगते नको. गेले का?'

तिनं विचारलेलं आईपर्यंत आलं होतं. आईचं उत्तर निघालं तेव्हा मी वायर तोडली होती. ते गेलं की नाही हे त्यांना माहीत नव्हतं, मला मात्र स्वच्छ माहीत होतं. मी लिहिलं, 'माहीत नाही.'

आता नणंद वाचो नाही तर आणखी कुणी, म्हणून आम्ही टॅबवरून लिहून पाठवलं, सही करू नको. ते पलीकडं उघडलंच गेलं नाही. जावयाला फोन लावला, बंद. सेलमच्या पोलिसांचा नंबर शोधून लावला. पलीकडचा माणूस तमिळ बोलत होता आणि मी हिंदीत ओरडत होतो. कुठला दवाखाना, त्यानं बहुधा तेच विचारलं असावं. दवाखान्याचं नाव आमच्याकडं नव्हतं. मावशी माझ्या ओठांकडं बघत होत्या, माझ्या तोंडावरून काही कळतंय का ते शोधत होत्या. साडेपाचपर्यंत मी अकरा वेळा फोन केले. इतका निरुपयोगी मी आयुष्यात कधी झालो नव्हतो.

सहाच्या बसनं त्या निघाल्या. मिरजेहून बंगळूर, तिथून सेलम. मी एका कागदावर इंग्रजीत लिहून दिलं की या बाईंना ऐकू येत नाही, त्यांना अमुक पत्त्यावर जायचं आहे. मी सोबत जायला हवं होतं. माझ्या मनात ते आलंही होतं. पण शेठचा फोन आला होता, ऑफिस उघडं टाकून कुठं गेलास म्हणून, आणि मी त्यांना बसमध्ये बसवून परत फिरलो. बस सुटताना त्यांनी खिडकीतून माझ्या डोक्यावर हात ठेवला.

नवव्या दिवशी त्या परतल्या, लेकीला घेऊन. ही बातमी मला क्लासवाल्या सरांकडून कळली. पुढचे दोन दिवस मी तिकडं फिरकलो नाही. तिसऱ्या दिवशी गेलो, कारण न जाणं त्याहून अवघड व्हायला लागलं होतं.

वैजू भिंतीला टेकून बसली होती. वयानं माझ्याहून लहान, पण चेहऱ्याचं सगळं पाणी गेलेलं. पोटावरून गोधडी घेतली होती. मावशींनी मला बघून तिला भराभर हातांनी काहीतरी सांगितलं, आणि काय सांगितलं ते मला न शिकवता कळलं. हाच तो मुलगा, माझ्यासाठी धावला. वैजूनं मला नमस्कार केला. मावशींनी चहा ठेवला. साखर जरा जास्तच घातली.

वैजू मिरजेला बहिऱ्यांच्या शाळेत चार वर्षं होती, तिचं लिहिणं आईपेक्षा बरं होतं. तिनंच वही घेतली आणि सावकाश लिहिलं. तिला कुणाला तरी सांगायचं होतं, असं मला वाटतं, आणि आईला ते हातांनी सांगून झालं होतं.

'मी विचारले सही करू का. आईने हात उचलला. चित्र गेले. मी वाट पाहिली. ते लोक दारात उभे होते. चित्र आले नाही. मला वाटले आईने बंद केले. आईला पण बहिरे मूल नको असेल. म्हणून सही केली.'

मी ते वाचलं. चहा हातात तसाच होता. मावशी चुलीपाशी आमच्याकडं पाठ करून बसल्या होत्या. मला तिथून उठून जाता आलं असतं. सांगलीची लाइन गेली होती, एवढं लिहिलं असतं तरी त्या दोघींनी आयुष्यभर ते खरं मानलं असतं, आणि मी ते लिहायला पेन्सिल हातात घेतलीही होती. पण ती पोर आईकडं बघत होती. लेकीच्या मनात आईबद्दल अजून तो संशय कुठंतरी होता, आणि तो काढणं माझ्याशिवाय कुणाच्याच हातात नव्हतं.

मी लिहिलं, 'आईनं बंद केलं नाही. मी केलं. वेग वाढवायला गेलो आणि तुटलं. आधी कमीही मीच केला होता.'

तिनं वाचलं, पुन्हा वाचलं. मग आईच्या खांद्याला हात लावून तिला वळवलं आणि हातांनी सगळं सांगितलं. मावशी तिचे हात बघत होत्या, मग माझ्याकडं बघायला लागल्या. त्या बघण्यात राग असता तर मला बरं वाटलं असतं. वैजूनं वही माझ्यापुढं धरली. तिच्यावर एकच अक्षर होतं. 'का'

त्याला द्यायला माझ्याकडं जे उत्तर होतं ते लिहिताना मला माझ्या हाताची लाज वाटली. 'वापर फार होता. रोज नऊ ते सहा. तुम्ही शेजारी नेट विकता असं मला वाटलं. एकट्या बाईला दिवसभर एवढं काय लागतं?'

वैजूनं ते आईला सांगितलं. मावशींनी पदराला हात पुसले, माझ्या हातातली पेन्सिल घेतली आणि त्या मोठ्या गोल अक्षरांत, एकेक शब्द थांबून थांबून लिहिलं.

'फोन वाजतो ते कळत नाही. म्हणून बंद करत नाही. वैजू तिकडे भाकरी करते. मी इकडे बघते.'